ओरेस्तचं पान

टॅम्पिनीस, सिंगापूर, २७ ऑगस्ट २०२५

वल्ले,

आधी काहीतरी खा आणि मग वाच. मी लिहायला बसले की लवकर उठत नाही, तुला ठाऊक आहे.

फोनपेक्षा हे बरं. तुमच्याकडे वीज जाते, माझा एक कान गेलेला. "आजी, ऐकू येतंय का?" "हो, तुला येतंय का?" यातच आपलं बोलणं संपतं. आता मी लिहायचं, तुझ्या मामीनं पानांचे फोटो काढून पाठवायचे. मधुवंती म्हणाली, "आई, थोडक्यात लिहा, बारा-बारा फोटो काढायला लावू नका." थोडक्यात काय लिहायचं? तार आहे का?

परवा काय मजा झाली ते ऐक. आमच्या बिल्डिंगसमोरच्या मैदानावर मोठा मांडव पडला, दिवे काय, झगमग कपडे घातलेल्या बायका काय! गाण्याचा कार्यक्रम. सगळे चिनी लोक मागे दाटीवाटीने बसलेले आणि पुढची अख्खी रांग रिकामी. लाल लाल खुर्च्या. मला वाटलं, केवढी माणुसकी आहे बघ या देशात, म्हाताऱ्यांसाठी पुढे जागा ठेवली. गेले आणि बसले मधोमध. गाणाऱ्या बाईकडे बघून हातही हलवला. ती बिचारी सूरच विसरली.

मग शेजारच्या ओंग आंटी धावत आल्या, मला दंडाला धरून उठवलं. "आजी, नो नो! नॉट एम्प्टी!" मी म्हटलं, अहो रिकामीच तर आहे. घरी आल्यावर तुझ्या उल्हासमामानं सांगितलं. त्यांच्या सातव्या महिन्यात मेलेले लोक जेवायला, गाणी ऐकायला परत येतात म्हणे. ती रांग त्यांची. आपला पितृपक्षच की गं, फक्त यांचा महिनाभर आणि वर ऑर्केस्ट्रा!

उल्हास हसून हसून बेजार. मी पण हसले. पण खरं सांगू? तेव्हापासून पाठीला एका जागी गार लागतंय. कुणाच्या मांडीवर बसून आले कुणास ठाऊक.

असो. तू परत तिकडे डॉक्टर व्हायला गेलीस, सगळ्यांनी नको नको म्हटलं, मी म्हटलं जाऊ दे, शेवटचं वर्ष आहे. आता मला तुझं गाव दाखव. मी चौथीपर्यंत शिकले, भूगोलात युक्रेन आलंच नाही. विन्नित्सियाला काय काय बघण्यासारखं आहे? नदी आहे का? देऊळ? आणि ज्यांच्याकडे राहतेस त्या हालिनाबाई कशा आहेत? तिखट खातात का?

तुझी आजी



विन्नित्सिया, ४ सप्टेंबर २०२५

आजी,

वरणभात खाल्ला, मग वाचलं. खुर्चीचा किस्सा हालिना बाबुस्याला सांगितला. बाबुस्या म्हणजे आजीच. ती हसली नाही. म्हणाली, "चांगली माणसं आहेत. जागा ठेवतात."

तर चल, गाव दाखवते. आमच्या खिडकीतून लाल विटांचा एक बुरूज दिसतो. शंभराहून जास्त वर्षं झाली त्याला. पूर्वी त्यातून गावाला पाणी मिळायचं, आता वर घड्याळ आहे. खालून निळ्या-पांढऱ्या ट्राम जातात. त्या इथल्या नव्हेत, स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरानं जुन्या झाल्यावर या गावाला दिल्या. म्हणजे आपल्याकडे मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला, तसंच. नदी आहे, दक्षिण बूह. तिच्यात प्रचंड मोठं रंगीत कारंजं आहे, लोक दुरून बघायला यायचे. लढाई सुरू झाल्यापासून बंद आहे. नदीकाठी बाकं तशीच आहेत, संध्याकाळी लोक येऊन बसतात आणि नुसत्या पाण्याकडे बघतात.

गावाबाहेर एका मोठ्या सर्जनचं घर आहे. आमचं कॉलेज त्याच्याच नावाचं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी युद्धातल्या जखमींची हाडं प्लास्टरमध्ये बसवणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी तो. त्याचं शरीर बायकोनं औषधं लावून जतन करायला लावलं. अजून आहे, आजी. चर्चच्या तळघरात काचेखाली, कोट घालून, दाढी विंचरलेली. पहिल्या वर्षी सगळ्या विद्यार्थ्यांना नेतात.

आता बाबुस्या. तिखट अजिबात नाही. तिचा मुलगा ओरेस्त ट्राम चालवायचा. सैन्यात गेला, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी 'बेपत्ता' असा कागद आला. त्यानंतर काही नाही. मी त्याच्याच खोलीत राहते. त्याचा कोट दारामागे आहे, मी माझा खुर्चीवर ठेवते. झोपताना बाबुस्या दारात येऊन "नीट झोपा" म्हणते. आपल्यासारखंच इथेही एकाला म्हणायचं वेगळं आणि दोघांना म्हणायचं वेगळं. ती दोघांना म्हणते. खालून ट्रामची घंटा वाजली की तिचा चमचा ताटात थांबतो.

सीमेपलीकडून सैनिकांचे मृतदेह परत येतात, बरेचसे ओळखू न येणारे. आईच्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला तर जुळवून बघता येतं. तिनं आजवर दिलेला नाही. म्हणते, "मी दिलं की ते त्याला मेलेल्यांत शोधणार. मी त्याला जिवंतांत शोधतेय." आणि मला, उद्याच्या डॉक्टरला, एवढंच दिसतं की तो कुठेतरी शीतगृहात नुसता नंबर होऊन पडला असेल तर तिच्याशिवाय त्याला कुणी घरी आणू शकत नाही. रोज थोडं थोडं समजावतेय.

वल्लरी



टॅम्पिनीस, २२ सप्टेंबर २०२५

वल्ले, वल्ले,

पेढे वाट! खाली सविस्तर लिहिते, पण आधी पेढे.

तुझं पत्र मी तीनदा वाचून घेतलं. त्या डॉक्टरसाहेबांना अजून अग्नी नाही दिला? आणि तुम्ही पोरं रांगेनं बघायला जाता? मग तो रात्रंदिवस कॉलेजातच फिरत असणार, तुमचे पेपर बघत. पण कारंजं मला आवडलं. बंद असलं तरी आवडलं. इथे हार्बरफ्रंटला उल्हासच्या ऑफिसजवळ पाणीच पाणी, पण बाकावर कुणी बसत नाही, सगळे फोनवर चालत असतात.

तर काल सर्वपित्री. आणि गंमत म्हणजे चिन्यांचाही महिना कालच संपला. खाली गवताच्या कडेला त्यांच्या उदबत्त्या, संत्री, भाताचे वाडगे, पत्र्याच्या पिंपात कागद जाळणं. उल्हास म्हणतो, "आई, इथे पक्ष्यांना खायला घालणं गुन्हा आहे, दंड होतो." मी म्हटलं, मी पक्ष्यांना कुठे घालते, तुझ्या वडिलांना घालते. तो भाजीला गेला तशी मी खाली गेले. टेक्का मार्केटमधून केळीची पानं आणलेली. तुझ्या आजोबांचं पान ठेवलं, आणि मागे वळते न वळते तोच कावळा! वडा उचलला की. जिवंतपणी पण असेच, हात धुवायच्या आत वडा.

मग माझ्या डोक्यात आलं. हालिनाबाईंना दोन वर्षं कळत नाही ना, मुलगा आहे की नाही? आपल्याकडे तर विचारायची सोय आहे. वर गेले, दुसरं पान वाढलं. हात जोडून म्हटलं, हालिनाचा ओरेस्त, ट्रामवाला, विन्नित्सियाचा. असशील त्या लोकात तर ये आणि जेव. पान गवतावर ठेवलं, वर येऊन खिडकीतून बघत बसले. झाडावर तेच कावळे, ओरडतायत नुसते. शिवेनात! बसल्या बसल्या माझा डोळा लागला, उठून खाली गेले तर पान जसंच्या तसं. शीतसुद्धा हललेलं नाही.

म्हणजे तो त्या लोकात नाहीच मुळी! जिवंत आहे गं पोरगा! त्या माउलीला आत्ताच्या आत्ता सांग. सिंगापूरच्या कावळ्यानं निरोप दिलाय म्हणावं.

मला इतका आनंद झालाय की मधुवंतीला न विचारता शिरा केला.

आजी



विन्नित्सिया, ३० सप्टेंबर २०२५

आजी,

मी रागावले नाही असं लिहिणार होते. पण रागावले आहे.

तुझे फोटो आले तेव्हा बाबुस्या शेजारीच बसली होती. तिला तुझं अक्षर आवडतं, म्हणते वरची रेघ कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी दिसते. म्हणाली, वाच. मी वाचत गेले आणि सांगत गेले, पुढे काय येतंय ते कळायच्या आत तोंडून निघून गेलं.

गेल्याच आठवड्यात बेपत्ता सैनिकांच्या ऑफिसमधून फोन आला होता. परत आलेल्या एका मृतदेहावर जॅकेट होतं, जॅकेटच्या खिशात ओरेस्तचा ट्राम-डेपोचा पास. त्यांनी जॅकेटच्या बाहीचा फोटो पाठवला. कोपराला ठिगळ होतं. बाबुस्यानं ते बोटानं मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, "हे टाके माझे." शुक्रवारी कापूस द्यायला जायचं ठरलं होतं. कोट घासून ठेवला होता तिनं. आणि तुझा कावळा आला. शुक्रवारी ती उठलीच नाही. म्हणते, "जॅकेट कुणीही घालतं. तो जेवला नाही, म्हणजे तो तिथे नाही." शेजारणीला सांगते, दुकानात सांगते. बायका मान हलवतात आणि माझ्याकडे बघतात.

आजी, तुला गाव बघायचं होतं ना? तर हेही बघ. इथे एक मोठी बाग आहे. नव्वद वर्षांपूर्वी सरकारची माणसं इथल्या हजारो लोकांना उचलून नेत होती, घरच्यांना सांगत होती, लांब कामाला पाठवलंय. गोळ्या घालून पुरलं होतं गावातच. एक जागा ही बाग. वर झोपाळे बसवले, नाचायला चौथरा बांधला. लोक यायचे, पोरं झोके घ्यायची. पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मन आले, त्यांनी खणलं. प्रेतं ओळखू येत नव्हती, म्हणून कपडे दोऱ्यांवर लटकवले, आणि गावोगावच्या बायका सदरे बघत फिरल्या. बाबुस्याच्या आजीला तिथे नवऱ्याचा सदरा सापडला. स्वतः लावलेल्या ठिगळावरून ओळखला. घरी येऊन ती कुणाला काही बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्याचे जपून ठेवलेले बूट शेजाऱ्याला देऊन टाकले. पोरांना तेवढ्यावरून कळलं.

काल मी बाबुस्याबरोबर त्या बागेतून आले. पानं गळायला लागलीत. ती चालताना पायवाट सोडत नाही, कधीच. मला आत्ता कळलं का ते.

तुला काही सुचत असेल तर सांग. मला काही सुचत नाही.

वल्लरी



टॅम्पिनीस, ९ ऑक्टोबर २०२५

वल्लरी,

आज शिळोप्याचं काही लिहीत नाही.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस खाली उतरले नाही. उल्हासनं ताप बघितला. मग ओंग आंटी लिफ्टपाशी भेटल्या. त्यांना माझं तोंड दिसलं असावं. मोडकं-तोडकं विचारलं, काय झालं. मी पण मोडकं-तोडकं सांगितलं. फ्रेंड, सन, लॉस्ट. ते माझं दुसरं पान होतं ना, ते त्याचं. बर्ड नो कम.

तर त्या एकदम खूश झाल्या. छाती थोपटली. "मी! मी! बर्ड कम, आय चेज! कम अगेन, चेज अगेन!" छत्री उघडझाप करून दाखवली. वल्ले, ती बाई त्या दिवशी भर उन्हात माझ्या पानापाशी उभी होती. वरून मला छत्री दिसली होती, वाटलं त्यांच्याच पूजेला कुणी उभं असेल, आणि मग माझा डोळा लागला. त्यांच्यात म्हणे नैवेद्य आधी आत्म्यानं खायचा, तोवर पाखरांना जवळ येऊ द्यायचं नसतं. तिला वाटलं, ही म्हातारी पान ठेवून वर गेली, हिला नियम माहीत नाहीत, आपण राखण करू. माझ्यावर उपकार केले तिनं. कावळे झाडावर ओरडत होते ते म्हणून.

मधुवंती म्हणते, "आई, हे कळवू नका. त्या बाईंना तेवढाच आधार आहे." उल्हास पण तेच म्हणाला. मी जेवले नाही रात्री. आधार कसला, तो मी माझ्या खिडकीतून बघून दिलेला. आणि तिकडे कोणाचं तरी पोर थंडगार पेटीत पडलंय, जॅकेट घालून, ते माझ्या एका शब्दापायी अडकून राहिलंय.

तू वाचून दाखव तिला. सगळं वाच. छत्रीपण.

आजी



विन्नित्सिया, १७ ऑक्टोबर २०२५

आजी,

वाचलं. वीज नव्हती, मेणबत्तीवर.

बाबुस्यानं मेणबत्तीची वात कापली. मग विचारलं, "ती शेजारीण किती वर्षांची?" मी म्हटलं, सत्तरीची असेल. "तिथे ऊन फार असतं का?" म्हटलं, फार. "तिला माहीत होतं का, कुणाचं जेवण आहे ते?" मी म्हटलं, नव्हतं.

"ओळख ना देख," ती म्हणाली, "आणि उभी राहिली."

सकाळी मला उठवायला आली तेव्हा कोट घातलेला होता. ट्रामनं गेलो. ऑफिसमधल्या मुलीनं गालाच्या आतून कापूस फिरवला, नळीत घातला, झाकण लावलं. बाबुस्या मला म्हणाली, "एवढंच?" आणि जिन्यात येऊन बसली. मी पण बसले. लोक आमच्या बाजूनं चढत-उतरत होते.

उत्तराला वेळ लागेल. ती आता रात्री दारात येते, पण काही म्हणत नाही. उभी राहते आणि जाते.

वल्लरी



विन्नित्सिया, १२ जानेवारी २०२६

आजी,

इतके दिवस लिहिलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं, नुसतं वाट बघणं होतं, आणि थंडी. तुझ्या तिन्ही पत्रांची उत्तरं देणं बाकी आहे, ओंग आंटीबरोबर तू केलेल्या खरेदीचंसुद्धा.

काल कळलं. जुळत नाही.

तो ओरेस्त नाही.

मी आनंदाने ओरडले. बाबुस्यानं मला गप्प केलं. ती आधीच त्याच्यासाठी रडून झाली होती, आजी. ऑक्टोबरपासून. दफनभूमीत जागा बघून आली होती. आता ते रडणं परत कुठे ठेवायचं?

ठिगळ तिचंच आहे, जॅकेट ओरेस्तचंच. आतला माणूस दुसरा. ती म्हणते, "त्यानं दिलं असेल. समोर कुणी कुडकुडत असलं की तो द्यायचाच, लहानपणी टोप्या देऊन यायचा." आणि मग संध्याकाळी, बटाटे सोलता सोलता, अगदी हळू म्हणाली, "मग माझ्या आजीनं ओळखलेला तो सदरा कुणाच्या अंगावर होता?"

मी पुढचा बटाटा सोलायला घेतला. ऐंशीहून जास्त वर्षं त्या घरानं ज्याला आपला म्हणून मेणबत्ती लावली, तो कोण?

ओरेस्त बेपत्ताच आहे. कापूस तिथेच राहील, पुढे कुणाशी जुळला तर कळवतील. आणि त्या दुसऱ्याला पुन्हा नंबर. त्याच्या आईनं कुठे कापूस दिलाय की नाही, कुणालाच माहीत नाही.

बाबुस्याचा तुला निरोप आहे. तिच्याच शब्दांत लिहिते: "शुभदा, माझ्या मुलासाठी तू पान वाढलंस. आता त्याचं जॅकेट घातलेल्या त्या मुलासाठी वाढ. तो मेला आहे हे नक्की, आणि ते त्याच्या घरी माहीत नाही. त्याला आपल्या दोघींशिवाय कुणी नाही. पावाचा तुकडा आणि मीठ ठेव, ते तो ओळखेल."

वल्लरी



टॅम्पिनीस, १९ जानेवारी २०२६

वल्ले,

काल अमावस्या होती. वाढलं मी पान.

उल्हासला आधी सांगितलं. तो दंडाचं काही बोलला नाही. स्वतः मॉलमधून पाव घेऊन आला, काळा हवा की पांढरा म्हणून दुकानातून फोन केला. मी म्हटलं, काळा आण. मधुवंतीनं भात लावला. मी वरण, भाजी, वडे केले. पावाच्या तुकड्यावर मीठ घातलं. ताटात ते विचित्रच दिसत होतं, वड्याशेजारी पाव. पण म्हटलं, लांबून येणार, आपल्या घरचं एक तरी पाहिजे त्याला.

खाली ओंग आंटी होत्या. त्यांचा महिना नव्हे हा, पण मी सांगितलं तशा आल्या. मी म्हटलं, नॉट माय सन, नॉट फ्रेंड सन. नोबडीज सन. त्या म्हणाल्या, "ओह. ब्रदर." ज्यांचं कुणी नाही अशा मेलेल्यांना ते लोक भाऊ म्हणतात, घाबरून नव्हे, मानानं. एक संत्रं सोललं त्यांनी आणि पानाच्या कडेला ठेवलं.

मग माझी पंचाईत झाली. आपल्यात नाव घ्यावं लागतं, गोत्र घ्यावं लागतं. पाण्याचा तांब्या हातात धरून मी उभी. काय म्हणू? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, लग्न झालं होतं की नाही, तेही नाही. शेवटी म्हटलं, बाळा, ज्या आईचा असशील तिच्या वतीनं वाढलंय. तिला अजून कळलेलं नाही, म्हणून ती आली नाही. राग धरू नकोस तिच्यावर. आम्ही तिघी आहोत तोवर, एक इथे खाली उभी, एक मी, एक तिकडे, ज्याचं जॅकेट तुझ्या अंगावर आहे त्याची आई.

ओरेस्तचं पान वाढलं नाही मी. हालिनाला सांग. ती म्हणेपर्यंत वाढणार नाही, कुठल्याही अमावस्येला नाही, आणि कुठल्या पाखराला काही विचारणार नाही.

पाणी सोडलं आणि वर आले. खिडकी समोरच होती, वल्ले. मला तर खिडकीत बसल्याशिवाय राहवत नाही, तुला माहीत आहे. खालून पंखांचा आवाज आल्यासारखा वाटला, की नसेल आला. मी खिडकीकडे पाठ केली आणि भांडी घासायला घेतली. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये. परक्या घरी आलेलं पोर, अवघडतं.

आजी